रॉकेलवर बंद केलेली मोटर

थंडी पडली की ती मोटर सकाळी रडायची. धरणाचं पाणी चढलं तेव्हा आमची ढिवरांची वस्ती एका थडीला आणि नागपूरची सडक दुसऱ्या थडीला राहिली. मग आमच्या मच्छीमार सोसायटीने कुठून तरी एक जुनी नाव आणि नावेच्या मागे लावायची एक जुनी विलायती मोटर आणली. सत्तरच्या दशकाची अखेर असेल. मोटर चालवायला मला ठेवलं, कारण मी पाचवी शिकलो होतो आणि सायकलीचं पंक्चर काढायचो. तेवढ्या भांडवलावर मी वस्तीचा मिस्त्री झालो. तो मान डोक्यात जायला मला फार दिवस लागले नाहीत.

मोटरला दोन टाक्या होत्या, एक लहान पेट्रोलची, एक मोठी रॉकेलची. सुरू करायची पेट्रोलवर. चांगली तापली की मधली तोटी फिरवून रॉकेलवर घ्यायची, कारण पेट्रोल महाग आणि पंप पंधरा मैलांवर. आणि संध्याकाळी थडी जवळ आली की परत तोटी पेट्रोलवर करून दोन-तीन मिनिटं चालवायची, मगच बंद करायची. म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीत रात्रभर पेट्रोल राहतं आणि सकाळी गार मोटर धरते. नागपूरच्या ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीने ती बसवून दिली त्याने मला तीनदा बजावलं होतं, "बाकी काहीही विसर बावा, पण हे विसरू नको." मी विसरलो नाही. विसरलो असतो तर आज एवढा जीव जळला नसता.

माझी धाकटी बहीण उमरेडला मावशीकडे राहून मॅट्रिक झाली होती. आमच्या वस्तीत मॅट्रिक झालेली ती पहिली, पोरंसुद्धा धरून. तिने नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी अर्ज केला आणि जानेवारीत मुलाखतीचं पत्र आलं. नागपूरला सकाळी दहा वाजता हजर राहायचं होतं. त्या थडीहून एस.टी. सातला सुटायची, ती साडेनऊला पोचवायची. दुसरी गाडी दुपारी. पाणी ओलांडायला मोटरने अर्धा तास लागायचा आणि वल्ह्याने, उत्तरेचा वारा समोर असताना, दोन तास. म्हणजे सगळं माझ्यावर होतं आणि त्याचा मला अभिमानच वाटत होता. "तू फक्त साडी नेसून बैस वं, बाकी माझ्यावर सोड," असं मी तिला आठवडाभर सांगत होतो.

आदल्या संध्याकाळी जाळी आणून परत येताना मी पेट्रोलची टाकी उघडून पाहिली. तळाला चार बोटं पेट्रोल होतं. मी विचार केला, हे आता जाळलं आणि सकाळी सुरू करायला कमी पडलं तर? बहिणीसाठी राखू. एक रात्र रॉकेलवर बंद केली तर काय आभाळ कोसळणार आहे. तोटी फिरवायला नेलेला हात मी मागे घेतला आणि मोटर तशीच रॉकेलवर बंद केली. वर दोन पोती गुंडाळली, म्हणजे तिला थंडी वाजू नये. मायने येऊन मोटरला हळदीकुंकू लावलं. मी अगदी समाधानाने जेवलो.

सकाळी पावणेसहाला आम्ही थडीवर आलो. पाण्यावर धुकं होतं आणि बोटं वळत नव्हती. बहिणीने मावशीची निळी साडी नेसली होती, छातीशी कागदांची पिशवी धरली होती. ती नावेत मधल्या फळीवर बसली. मी तोटी पेट्रोलवर केली, चोक ओढला, चाकाला दोरी गुंडाळली आणि हिसका दिला. काही नाही. परत गुंडाळली, परत दिला. आठ-दहा हिसके झाले, मोटर साधी खोकलीही नाही. मी तिच्याकडे पाहून हसलो. "थंडी हाय ना, वेळ लागते," म्हणालो.

मग मी प्लग काढला. तो ओला चिंब होता. मिस्त्री म्हणून मिरवणाऱ्याला जेवढं येतं तेवढं सगळं मी केलं. सदऱ्याने प्लग पुसला, सँडपेपरने घासला, तार लावून मोटरच्या अंगाला टेकवून पाहिला, ठिणगी निळी आणि खणखणीत. म्हणजे वीज बरोबर होती. मायने थडीवर तुराट्यांची शेकोटी पेटवली होती, तिच्यात प्लग तापवला, चिमट्याने उचलून आणला आणि बसवला. पाच हिसके. नाही. परत काढला, परत ओला. परत शेकोटी. सव्वासहा वाजले होते. मला निघायला हवं होतं त्याच वेळी मी चिमटा हातात घेऊन शेकोटीपाशी उकिडवा बसलो होतो.

तिसऱ्यांदा प्लग काढला तेव्हा दोरी सोडवायला दोन्ही हात पाहिजे होते, म्हणून मी तो बहिणीच्या हातात दिला. तिने तो पदरात धरला. थोड्या वेळाने बोटांचा वास घेतला, मग पदराचा. आणि हळूच म्हणाली, "दादा, ह्याले रॉकेलचा वास येऊन राहिला. पेट्रोलचा नाई."

मी वळलोसुद्धा नाही. "रॉकेलची टाकी हाय इथं. तं अत्तराचा वास येईन का?"

"तसं नाई. तू पेट्रोल चालू केलं ना? मंग प्लगले रॉकेल कुठून लागलं? आपला स्टोव्ह तरी गार असला तं रॉकेलनं पेटते का?"

"तुले काय समजते इंजिनातलं?" मी एवढ्या जोरात ओरडलो की थडीवर माय उठून उभी राहिली. "मॅट्रिक झाली म्हणजे मिस्त्री झाली का? चूप बैस."

तिने प्लग माझ्या हातात परत दिला.

तिने अगदी बरोबर सांगितलं होतं. वाटी रात्रीच्या रॉकेलने भरलेली होती. भरलेल्या वाटीत वरून पेट्रोल उतरणार कुठे? प्रत्येक हिसक्याला मोटर तेच गार रॉकेल ओढत होती आणि गार रॉकेल काही पेटत नाही. वाटीच्या बुडाला एक स्क्रू होता. तो सैल करून वाटी रिकामी करायची, पेट्रोलने भरू द्यायची, पाच मिनिटांचं काम. साडेसहा वाजायचे होते. पाच मिनिटांत झालं असतं तर आम्ही सातच्या ठोक्याला त्या थडीला असतो आणि तो ड्रायव्हर ओळखीचा होता, हात दाखवला तर थांबायचा.

आणि मला ते कळलं नव्हतं असंही नाही, ते लिहायलाच हवं. तिने वास म्हटलं त्या क्षणी काल संध्याकाळी मागे घेतलेला माझा हात मला दिसला. पण त्या स्क्रूला हात लावायचा म्हणजे कबूल करायचं की ही करणी माझीच आहे, तिच्या दिवशी, सगळं माझ्यावर सोड म्हणून छाती ठोकल्यावर. ते मला जमेना. मी स्वतःला म्हटलं, नाही, ठिणगीचे पॉइंट खराब झाले असतील. पॉइंट उघडले. पेट्रोलमध्ये पाणी असेल म्हटलं, धोतराच्या फडक्यातून पेट्रोल गाळलं. काही तरी दुसरं सापडावं म्हणून मी मनातल्या मनात देवाला विनवत होतो. आणि मधे मधे दोरी ओढत होतो, वेड्यासारखा. तळहाताची साल निघाली, दोरीला रक्त लागलं. "हात सोलला तुहा," एवढंच ती एकदा म्हणाली. मी आणखी एक हिसका दिला. खरं सांगायचं तर हात सोलला याचं मला बरं वाटत होतं, निदान कोणी म्हणणार नाही की याने प्रयत्न केले नाहीत.

सात वाजून गेले. धुक्यातून त्या थडीच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. ड्रायव्हर आमच्यासाठी वाजवत होता, एकदा, मग बऱ्याच वेळाने आणखी एकदा. नंतर गाडी सडकेला लागल्याचा आवाज पाण्यावरून स्पष्ट आला. बहीण त्या बाजूला मान वळवून ऐकत राहिली.

तेव्हा मी पाना घेतला आणि बुडाचा स्क्रू सैल केला. रॉकेल बोटांवरून पाण्यात पडलं, पाण्यावर तेलाचे रंग पसरले. वाटी पेट्रोलने भरू दिली, प्लगच्या भोकात चमचाभर पेट्रोल टाकलं, प्लग बसवला, दोरी ओढली. दुसऱ्या हिसक्याला मोटर सुरू झाली, इतकी छान की जणू तिला कधी काही झालंच नव्हतं. मला ती मोटर तिथेच पाण्यात ढकलून द्यावीशी वाटली. बहिणीने स्क्रूकडे पाहिलं, पाण्यावरच्या तेलाकडे पाहिलं आणि पिशवी मांडीवर नीट ठेवली. "चाल," ती म्हणाली, "ट्रक भेटला तं पाहू."

त्या थडीहून सडकेच्या फाट्यापर्यंत आम्ही जवळपास पळतच गेलो. तासाभराने कोराडीला कोळसा नेणारा एक ट्रक थांबला. केबिनमध्ये जागा एकच होती, तिथे ती बसली, मी मागे कोळशावर. कोराडीहून शहराची बस धरली. मुलाखतीच्या जागी पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. निळ्या साडीच्या पदरावर रॉकेलचा डाग होता आणि काठाला कोळशाची काळी रेघ. ती एकटी आत गेली. मी फाटकाबाहेर उभा राहिलो. मुलाखती अकरालाच संपल्या होत्या. पंधरा मिनिटांत ती परत आली आणि म्हणाली, "भूक लागली. काई तरी खाऊ."

पुढच्या वर्षी परत अर्ज करू असं मी सगळ्यांना सांगितलं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. तिच्या सासरी विहिरीवरून पाणी आणायचं, शेतात निंदायचं आणि वेळ मिळालाच तर शेजारपाजारच्या बायकांना औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचून द्यायची. ती सुखात नाही असं मी म्हणणार नाही. पण मी तिच्या घरी गेलो आणि ती कुणाच्या तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवून बसलेली दिसली, की मला तिथे चहा गिळवत नाही. मी आजपर्यंत तिची माफी मागितलेली नाही. कित्येकदा ठरवून गेलो आणि पिकापाण्याचं बोलून परत आलो.

त्या दिवशी आम्ही अंधार पडता पडता घरी पोचलो. मी नाव बांधून मागून आलो, तोवर ती चुलीपाशी बसलेली होती. मी दाराबाहेरच थांबलो, आत जायचं धाडस होईना. मायने तिला विचारलं, "झालं का वं?"

"नाई झालं. उशीर झाला."

"मोटरनं घात केला."

"हाव," बहीण म्हणाली, "मोटर जुनी हाय. दादानं लय केलं."

चुलीत काड्या सारल्याचा आवाज आला. मग बहीणच म्हणाली, "माय, तिथं एक पोरगी बसून होती. थे सांगे, माह्यं नाव पुकारलं होतं म्हणे. दोनदा."

"मोठ्यानं?" मायने विचारलं.

"हाव. मोठ्यानं. आडनावासकट."