पतिव्रता आणि मिशी

आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांइतका स्वच्छ माणूस ब्रह्मदेवाने दुसरा घडवला नसेल, आणि मामांना घडवतानाही मामांनी ब्रह्मदेवाला आधी हात धुवायला लावले असतील. मामा साबण वापरण्यापूर्वी साबण धुवत. काचेच्या नळ्या तीनदा विसळून उन्हाकडे धरून बघत, आणि मग केवळ समाधानासाठी चौथ्यांदा विसळत. एकदा प्राचार्यांनी दह्याचा डबा आमच्या फ्रिजमध्ये ठेवला, तर मामांनी तो उचलून भर दुपारी झेंड्याच्या ओट्यावर नेऊन ठेवला. प्राचार्यांनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "थ्या फ्रिजात बाईमाणूस हाय सर. तिच्याजवळ दही ठेवता काय?"

बाईमाणूस म्हणजे आमची अँटिबॉडी. बुलढाण्यासारख्या ठिकाणी बैलांच्या शिंगाचा कॅन्सर रक्तावरून लवकर ओळखता येतो का, हे आम्ही तपासत होतो. त्या कॅन्सरच्या पेशींतून केरॅटिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं असा आमचा अंदाज होता, आणि हजारो प्रथिनांतून तेवढं एक हुडकून त्यालाच चिकटणारी ही मोनोक्लोनल अँटिबॉडी बर्फाच्या पेटीतून यायची. मामा ती पेटी माहेरहून आलेल्या सुनेसारखी उतरवून घेत. नव्या विद्यार्थ्यांना सगळं तेच समजावून सांगत, आणि माझ्या तासभराच्या व्याख्यानापेक्षा ते पोरांना लवकर कळे. "बजारात हजार माणसं असू द्या, हे बाई आपल्या नवऱ्यालेच वळखते. मोनोक्लोनल म्हंजे पतिव्रता!" या कामावर त्यांचा जीव असण्याला कारण होतं. सोनाळ्याच्या त्यांच्या घरचा पवळ्या नावाचा बैल याच रोगाने गेला होता. शिंग कलल्यावर रोग कळला, आणि तोवर उशीर झाला होता.

मामांची दुसरी दौलत म्हणजे मिशी. अशी भरघोस आणि पीळदार, की मामा खोलीत शिरले म्हणजे आधी ती यायची.

तर एके दिवशी घात झाला. तपासणीत एक नळी आम्ही मुद्दाम रिकामी ठेवतो. तिच्यात नुसतं रसायन, रक्ताचा थेंब नाही. नळीत केरॅटिन असलं की तपासणीच्या कागदावर पट्टा उमटतो; या नळीचा उमटायलाच नको. पण उमटला, चांगला ठळक! म्हणजे बाहेरचं केरॅटिन आत पडलं होतं आणि आठवडाभराचं काम पाण्यात गेलं होतं. मला शास्त्रज्ञपणाचा झटका आला. विद्यार्थ्यांसमोर मी म्हणालो, "मामा, केरॅटिन म्हणजे केस, नखं, कातडी. आणि या खोलीतला सगळ्यात मोठा साठा तुमच्या नाकाखाली आहे."

पोरं खो खो हसली. मीही हसलो, माझाच विनोद होता ना. मामा मात्र हसले नाहीत. त्यांचा हात मिशीकडे गेला आणि वाटेतच थांबला.

दुसऱ्या दिवशी ते आले, तर ओठावर काही नव्हतं. आमच्याकडे अशी मिशी उतरते ती घरात वडीलधारं गेल्यावरच. ऑफिसातल्या बाई घाबरून म्हणाल्या, "मामा, कोण गेलं हो?"

"कोणी नाही गेलं बाई. पवळ्याच्या कामात आडवी येऊन राह्यली होती, म्हून काढली."

रविवारी सोनाळ्याला स्टँडवर उतरले, तर दोघे जण गळ्यात पडून रडलेसुद्धा.

सोमवारी आम्ही तपासणी पुन्हा केली. पट्टा पुन्हा आला, पहिल्याहून जाड. तेव्हा कुठे मी अँटिबॉडीच्या डबीतला माहितीचा कागद उघडला. डॉक्टरेट झाल्यापासून असले कागद मी वाचत नसे. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: ही अँटिबॉडी कातडीचं केरॅटिन ओळखते, केसांचं नाही. पतिव्रतेने मामांच्या मिशीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं! आणि हे वाचताना माझा डावा हात कुठे होता? कानामागे. विचार करताना मी तिथे खाजवतो. थंडीत तिथली कातडी सुटते, आणि तिचा बारीक भुसा त्या क्षणी रसायनाच्या उघड्या बाटलीत पडत होता.

टोपी आणि हातमोजे घालून नवं रसायन केलं. पट्टा गायब. मामांना काय सांगितलं मी? "बाटली खराब निघाली, मामा."

"हाव का," ते म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर खोबरेल तेलाची छोटी बाटली होती. मामा प्रत्येक बाटलीला चिठ्ठी लावत, तशी हिलाही लावलेली: 'सर. कानामागे. दिवसातून दोनदा.'

मी ते तेल निमूटपणे लावलं. माफी मात्र मागितली नाही. आज मागू, उद्या मागू करत मामांच्या निवृत्तीचा दिवस उजाडला. तोवर मिशी परत आली होती, पण पांढरी, विरळ. तिला पीळ बसत नव्हता. निरोपाच्या भाषणात मी त्यांच्या स्वच्छतेवर बोललो, दह्याच्या डब्यावर बोललो, पोरांना हसवलं. मग "त्या मिशीचं..." म्हणालो आणि अडलो. हात आपोआप कानामागे गेला.

पहिल्या रांगेतून मामा हळूच म्हणाले, "हात खाली, सर."

मी हात खाली घेतला, आणि त्याबरोबर ते वाक्यही गिळलं.

तेल केव्हाच संपलं. बाटली अजून टेबलावर आहे. हात आताही कानाकडे निघतो, आणि मध्येच थांबून कुणी काही म्हणतं का ते ऐकतो.