मासीमांचे केस आणि सरांची माकडटोपी

मेंदू बघायच्या लॅबमध्ये काम करते म्हटलं की लोक जरा लांबच बसतात. त्यांना काय सांगायचं, आमच्याकडे मेंदूपेक्षा केसांचेच किस्से जास्त साठलेत!

नवऱ्याची बँकेतली बदली झाली, आम्ही कोलकात्याला आलो आणि मला ही नोकरी लागली. आमची सेन्सरवाली टोपी डोक्यात प्रकाश सोडते. परत येणाऱ्या प्रकाशावरून मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दिसतं. प्रत्येकाला दोनदा बोलवायचं, आणि एकाच माणसाचं चित्र दोन्ही भेटींत सारखं यायला हवं. आमचं येत नव्हतं. पुढच्या महिन्यात काम तपासायला कमिटी येणार होती. तेव्हाही जुळलं नाही तर मशीन दुसऱ्या विभागाकडे जाणार होतं.

*

सगळ्यात स्वच्छ सिग्नल आमच्या सरांचा. "बुद्धी आहे, दिसणारच," ते म्हणायचे. मी त्यांच्या चकचकीत टकलाकडे बघायचे.

*

अभ्यासासाठी दमदमहून येणाऱ्या मासीमा, म्हणजे बंगालीत मावशी, या निवृत्त शिक्षिका. कमरेपर्यंत दाट केस, वर चोपडलेलं तेल. प्रकाश केसांतच अडकायचा, सिग्नल जवळजवळ शून्य. सर म्हणाले, "दाट केसवाले वगळा."

माझं डोकंच फिरलं. "मग अभ्यासाला नाव द्या, टकल्या पुरुषांचा मेंदू."

सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

*

तिसऱ्या दिवशी मासीमा केस धुऊन आल्या. मी क्रोशाची सुई घेतली आणि एकेका सेन्सरखालचे केस बाजूला केले. सिग्नल चांगला आल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करायचं नाही, हा माझा हट्ट. तासभर गेला.

"माझ्या लग्नातही एवढी वेणीफणी झाली नव्हती," मासीमा म्हणाल्या.

*

तरी खिडकीतला उजेड सेन्सरमध्ये शिरतच होता. कपाटात सरांची हिवाळ्यातली माकडटोपी पडली होती, बालीगंजच्या घरी त्यांच्या बायकोने विणलेली. ती मी मासीमांच्या डोक्यावर, सेन्सरवरूनच ओढली.

"मे महिन्यात? लोक हसतील," सर म्हणाले आणि स्वतःच आधी हसले.

पण स्क्रीनवरची थरथर थांबली. मग मी येईल त्याला ती टोपी घालायला लागले.

*

कमिटी आली. अध्यक्षबाईंनी मासीमांची दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. "ही एकाच दिवशीची ना?"

"नाही. मध्ये पंधरा दिवस गेलेत," मी म्हणाले.

त्यांनी बाकीच्यांच्याही जोड्या तपासल्या. सगळ्या जुळल्या. "मशीन इथेच राहील," त्या म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले.

जाताना बाई टेबलावरच्या माकडटोपीपाशी थांबल्या. ती उलटसुलट करून बघितली. "हे लाइट-शील्ड फार छान आहे. कुठून मागवलंत?"

सर अजिबात हसले नाहीत.

"बालीगंजहून," ते म्हणाले. "खास विणून घेतलंय."