गवई सरांच्या गाडीचे स्लायडर

युसूफभाईंच्या गॅरेजात गाडी लावली की ती लवकर काही सुटत नाही. पण बसायला जुने टायर असतात, चहा येत राहतो आणि येणारा प्रत्येक जण काहीतरी घडवूनच आलेला असतो. खामगावात नळाला पाणी येवो न येवो, या गॅरेजात किस्सा रोज येतो! मागचं वर्षभर तर आम्ही नुसत्या गवईच्या गाडीवर काढलं.

गवई म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. तो हायस्कूलला गणित शिकवतो, मी तहसीलात कारकून. त्याची मोटरसायकल पंचवीस वर्षांची. कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलं, गवईनं मात्र चालू ठेवलं.

*

ती पहिल्यांदा पडली शेगाव रोडवर, रसवंतीसमोर. गवईनं गाडी थांबवली, पाय टेकवला आणि पायाखाली नेमका खड्डा! गाडी आडवी. इंजिनाचं बाजूचं कव्हर दगडावर आपटून फुटलं, ऑइल रोडभर.

युसूफभाईंनी कव्हराचे तुकडे हातात घेतले. "सर, स्पीड किती व्हता?"

"शून्य."

"बावीस साल झाले गॅरेज टाकून. शून्यात पडणारं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. अन् तेबी गणिताचा मास्तर!"

*

तसलं कव्हर मिळायला तीन महिने लागले. शेवटी अकोल्याच्या भंगारात एक सापडलं. युसूफभाईंनी ते फडक्यात गुंडाळून, तान्हं लेकरू आणावं तसं आणलं.

"सर, आता हे फुटलं तर दुसरं नाही. मंग गाडीले हार घालाचा अन् अगरबत्ती लावाची."

गवईनं धसका घेतला. गाडी पडली तरी कव्हर वाचलं पाहिजे, म्हणून त्याचा शोध सुरू झाला. युसूफभाई म्हणाले, पुढं लोखंडी लेगगार्ड लावा. गवईनं मात्र मोबाइलवर स्लायडर पाहिले होते. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना बोल्टानं कसलेले नायलॉनचे ठोकळे. गाडी पडली की आधी तेच जमिनीला टेकतात आणि घासत जातात.

दोघांचं वाजलं. निकाल लावायला गवईच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना बोलावलं. वहिनी पोस्टात कामाला, ऐकायचं आणि शिक्का मारायचा, बस!

"थोडक्यात सांगा," त्या म्हणाल्या.

युसूफभाई म्हणाले, "भाभी, लेगगार्ड पाय वाचवते. स्लायडर गाडी वाचवते."

"मंग स्लायडरच लावा. पाय दवाखान्यात जोडून देतेत. कव्हर कोन देते?"

*

गवईनं आधी ऑनलाइन पाहिलं. 'सर्व गाड्यांना बसेल' असं लिहिलेलं. मास्तरच तो, 'सर्व' या शब्दावर विश्वास कसा ठेवणार? लावला कस्टमर केअरला फोन. पलीकडे एक मुलगी, घरूनच काम करत असावी, कारण मागं कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

"सर, हे मॉडेल माझ्या लिस्टमध्येच नाहीये. किती साली घेतली होती?"

गवईनं साल सांगितलं.

"सर, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता!"

"मंग तुमच्या बाबाले विचारा!" गवई चिडून म्हणाला.

तिनं खरंच विचारलं! दोन मिनिटांत फोनवर एक जाड आवाज. "सर, मी हिचा पप्पा. माझ्याकडे होती ही गाडी. विकली आणि आजवर पस्तावतोय. हे आमचे स्लायडर घेऊ नका, तुमच्या फ्रेमला बसणारच नाहीत. लेथवर बनवून घ्या आणि इंजिनाचा बोल्ट मात्र कडक घ्या, साधा वाकतो."

मागून मुलगी ओरडत होती, "पप्पा, कॉल रेकॉर्ड होतो!"

*

लेथवाले देशमुख काका आयुष्यभर कापसाच्या जिनिंगच्या मशिनींचे पार्ट बनवत आलेले. गवईनं त्यांच्यासाठी दोन रात्री जागून ड्रॉइंग काढलं. वरून, समोरून, बाजूनं. कोन, त्रिज्या, दशांशचिन्हं. काकांनी ते उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं.

"सर, पेपरात किती मार्काले हाय हे?"

मग ते गाडीपाशी गेले, बोल्टावर अंगठा ठेवला, वीतभर मोजलं आणि नायलॉनचा दांडा लेथला चढवला.

"काका, लोखंडाचंच करा ना, मजबूत राहीन," मी म्हणालो.

"लोखंड रोडात रुतते, मंग गाडी कोलांटी मारते. नायलॉन घासत जाते. वाचवाचं असन तर घासा लागते बाप्पा!"

स्लायडर तासाभरात तयार. गवईचं ड्रॉइंगही कामी आलं. काकांनी त्यात स्लायडर गुंडाळून दिले.

*

स्लायडर बसले. पण गवईला सिद्धता हवी. "प्रयोग केल्याशिवाय मी मानत नाही," म्हणाला. गॅरेजसमोरच्या रस्त्यावर त्यानं पोतं अंथरलं आणि युसूफभाईंच्या मदतीनं गाडी हळूच डाव्या अंगावर निजवली. मग स्वतः शेजारी आडवा होऊन, एक डोळा मिटून, कव्हर आणि जमीन यांत किती अंतर राहतं ते पाहू लागला.

तेवढ्यात समोरच्या हॉटेलातून कुणीतरी ओरडलं, "अॅक्सिडेंट झाला बे!"

पाच मिनिटांत तीस माणसं. एकानं तोंडावर पाणी मारलं, एकानं नाकाला कांदा लावला. ऑटोवाला खांद्याला धरून उचलू लागला.

"अबे सोडा! म्याच पाडली गाडी! मोजून राह्यलो मी!"

"हाव सर, हाव," ऑटोवाला मायेनं म्हणाला. "डोक्याले मार लागला का मानूस असंच बोलते."

युसूफभाई लोकांना समजावण्याऐवजी टायरवर बसून हसत होते. गवई त्याच ऑटोतून सरकारी दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन आला.

*

खरी परीक्षा झाली ती ऑक्टोबरात. रोहिणखेडला वहिनींच्या भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मी आधीच पोचलो होतो. गवई आणि वहिनी गाडीवर येणार होते.

पंगत बसायच्या वेळेला एका पाहुण्याच्या टेम्पोतून वहिनी एकट्याच उतरल्या. केसांत सोयाबीनच्या शेंगा, कोपर खरचटलेलं, पदर मात्र नीट.

"वहिनी, काय झालं?"

"लोकायनं रोडवर सोयाबीन वाळू घातली व्हती. घसरलो. मी पडली ढिगावर, गाडी गेली घासत."

"अन् गवई?"

"उठले अन् पयले तिकडेच पयाले. मले आवाज आला, 'लागलं तं नाही ना तुले?' मी म्हटलं, कोपराले जरासं. मंग पाह्यलं, तं ते गाडीले इचारून राह्यले व्हते."

बायकांनी कोपराला हळद लावली, वहिनींना पंगतीत बसवलं. त्यांची बुंदी वाढून झाली आणि माझा फोन वाजला. गवई! आवाजात नुसता आनंद.

"जय भीम! अबे, कव्हरले एक ओरखडा नाही! स्लायडर अर्धा घासला, पन कव्हर जसंच्या तसं! बोल्टबी वाकला नाही. युसूफभाईले फोटो धाडला. तिन्ही बाजूनं!"

"अन् वहिनी कशा आहेत?"

पलीकडून सोयाबीनवरून चालल्याचा करकर आवाज, आधी इकडं, मग तिकडं.

"अबे... आत्ता तं इथीसाच व्हती."

मी फोन वहिनींच्या कानाला लावला. त्यांनी तोंडातली बुंदी सावकाश संपवली.

"गाडी बरी हाय ना? मंग तिले जपून आना. पंगत उठून राह्यली."