अर्धे उत्तर न देणारे ढोमसे सर

प्रा. निवृत्ती ढोमसे सरांची पहिली भेट मला आवडली नव्हती. नाशिकच्या महाविद्यालयात वाणिज्य शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते. करांवरचा तास संपवून बाहेर आले, तर सर व्हरांड्यात उभे. "बाई, मुलं लिहून घेत होती, विचार करत नव्हती. उद्या वह्या बंद ठेवायला सांगा." मला राग आला. दुसऱ्या दिवशी वह्या बंद ठेवायला सांगितल्या.

सर अर्थशास्त्राचे विभागप्रमुख, मूळचे निफाडचे. पेठ तालुक्यातून एसटीने येणाऱ्या मुलींची परतीची गाडी चुकू नये, म्हणून त्यांनी आपले तास ऐन जेवणाच्या वेळेत घेतले. स्वतःच्या डब्याची वेळ त्यांनी कधी पाळली नाही. या मुलींसाठी शहरात वसतिगृह व्हावे, म्हणून ते वर्षानुवर्षे देणगीदारांकडे फिरले. अखेर एक उद्योजक तयार झाले. अंबडला त्यांचा कारखाना आणि ते सरांचेच विद्यार्थी. अंदाजपत्रकावरील सरांच्या व्याख्यानानंतर त्याच मंचावरून देणगी जाहीर व्हायची होती.

व्याख्यान सुरळीत पार पडले. मग एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी विचारले, "सरकारवरचं कर्ज वाढतंय ते फुकटच्या योजनांमुळेच ना?"

"काही अंशी," एवढे म्हणून बसता आले असते. ते खोटेही ठरले नसते. मी पहिल्या रांगेतून 'पुरे' अशी खूण केली. सरांनी ती पाहिली आणि ते बोलू लागले.

"कारखाना इथला, कामगार इथले, रस्ता आणि पाणी इथलं. पण मालावरचं नाव परदेशातल्या एका छोट्या कंपनीच्या मालकीचं दाखवायचं. ती कंपनीही आपलीच. मग दरवर्षी त्या नावाचं भाडं तिला द्यायचं. नफा तिकडे जातो, तिथे कर जवळपास नाहीच. इथे सरकारचा खर्च थांबत नाही, म्हणून सरकार कर्ज काढतं. पुढच्या वर्षी आधी व्याज जातं. उरलंच तर पेठचा दवाखाना."

सरांनी कोणाचे नाव घेतले नव्हते. पण ही व्यवस्था त्या उद्योजकांच्या छापील वार्षिक अहवालातच होती. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. उद्योजक खुर्चीतून उठले.

"सर, आम्ही एकही कलम मोडलेलं नाही."

"ठाऊक आहे. तुझा सीए माझाच विद्यार्थी. हुशार आहे."

लोक हसले. उद्योजक हसले नाहीत. "मग आमचा गुन्हा काय?"

"गुन्हा असता तर पोलिसांत गेलो असतो. कायद्यात बसतं, म्हणून तर व्याख्यानात सांगावं लागतं."

"आणि वसतिगृहाला देतोय, ते?"

"अरे, ते तू मनाला येईल तेव्हा, येईल तेवढं देणार. वर इमारतीला नाव लागणार. कर असा मनावर सोडायचा नसतो."

देणगी जाहीर झाली नाही. उद्योजक चहाला थांबले नाहीत. प्राचार्य सरांशी बोलेनात. मी जिन्यातच सरांना अडवले. "तुमचं तत्त्व राहिलं. मुलींचं काय?"

"हा प्रश्न विचारत राहा, बाई. मला सोडू नका."

त्या वर्षी पेठच्या दोघींनी कॉलेज सोडले. सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथात हे नको, असे संपादकांचे मत पडले. मी लिहिते आहे, कारण पुढे प्रत्येक वर्गात सरांनी स्वतःच ते सांगितले. आपल्या उत्तराची किंमत दुसऱ्यांनी मोजली, हे त्यांनी कधी झाकले नाही. त्यांचा निर्णय मला तेव्हा पटला नव्हता. आजही निम्माच पटतो. तरीही एवढ्या वर्षांत शंका घेऊन जावे असे दुसरे दार मला सापडले नाही.

आज सर पंच्याहत्तर वर्षांचे झाले. वसतिगृह करांच्या पैशांतूनच व्हावे, म्हणून ते दर महिन्याला सरकारी कार्यालयात जातात. 'निधी उपलब्ध नाही' असे उत्तर मिळते. तो का उपलब्ध नाही, हे तिथल्याच कारकुनाला समजावून ते परत येतात.

सर, त्या इमारतीत पहिली मुलगी राहायला येईपर्यंत तुम्हाला थकायची मुभा नाही. सरकारची चाल पाहता शंभरी ओलांडावी लागेल. ती तुम्ही ठणठणीत प्रकृतीने ओलांडावी, ही आम्हा सर्वांची इच्छा. तेवढी गुडघ्यांची काळजी घ्या. त्या कार्यालयाला लिफ्ट नाही.