वसंतकाकांची डावी बाजू

त्या हिवाळ्यात मी देवळात गेले ती भक्तीनं नव्हे, वैतागून गेले. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. अलिबागजवळच्या एका लहानशा केंद्रात, डोक्याला मार लागून वाचलेल्या माणसांबरोबर काम करते. मेंदूचं ऑपरेशन होतं, टाके निघतात, लोक पेढे वाटतात आणि मग घरी आल्यावर कळतं की माणसाला शर्टाचं बटण लावता येत नाही, की चहात साखर आधी घालायची की चहापत्ती ते आठवत नाही. तिथून माझं काम सुरू होतं. गेलेलं सगळं परत येत नाही, पण उरलेल्यातून जगणं उभं करता येतं, असं मी नातेवाइकांना अकरा वर्षं छातीठोकपणे सांगत आले. त्या हिवाळ्यात ते वाक्य माझ्याच तोंडात अडकायला लागलं. आठ महिने खपून मी एका शाळेतल्या बाईंना स्वतःचा चहा करायला शिकवलं होतं. घरच्यांनी मायेपोटी त्यांना शेगडीजवळ फिरकू दिलं नाही. पुढे भेटायला गेले तेव्हा त्या पातेल्याकडे नुसत्या बघत राहिल्या. घरी येऊन मी रडले. त्याच आठवड्यात नवी मुंबईतून कागदपत्रं तपासायच्या नोकरीसाठी बोलावणं आलं. तिथे पेशंट नसणार होते, फक्त फायली. मला ते स्वर्गासारखं वाटलं.

माझी मावशी चौलच्या पुढे खाडीकाठच्या एका गावात राहते. ती म्हणाली, एवढं डोकं पिकवण्यापेक्षा आमच्या देवीला कौल लाव. मी हसले, पण गेले. दुपारची वेळ होती. सुपारीच्या वाडीतून जाणारी वाट इतकी गार आणि हिरवी, की उन्हातून आत शिरल्यावर पाण्याखाली चालल्यासारखं वाटलं. पाटातलं पाणी कुठेतरी वाहत होतं, दिसत नव्हतं. वाडीच्या टोकाला कौलारू देऊळ, मागे तळं, त्याच्याही मागे भरतीची खाडी. गाभारा एवढा लहान आणि काळोखा की आत एकटा गुरव बसू शकेल. बाकीच्यांनी बाहेर मंडपात बसायचं आणि त्याच्या तोंडून येईल ते ऐकायचं.

तिथली रीत अशी. गुरव तगरीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. मनातला प्रश्न आपण मनातच ठेवायचा. देवीच्या उजव्या खांद्यावरची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी डोळे मिटून विचारलं, 'हे काम सोडू का?' आतून गुरवांचा आवाज येत होता, मऊ, एका लयीत. मग तो थांबला आणि नुसती शांतता राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. मला डुलकी लागली असावी, कारण मी तळ्याच्या पायऱ्या उतरत असल्याचं पाहिलं, आणि पाणी गुडघ्याला लागणार एवढ्यात आतून शब्द आले, "डावी दिली."

बाहेर आल्यावर मावशी माझ्या कानाशी लागली. मनाला लावून घेऊ नकोस म्हणाली. चार महिने झाले, देवी कुणालाच उजवी देत नाहीये. कुणाचं लग्न अडलं होतं, कुणाची बोट दुरुस्तीवाचून ओढून ठेवली होती, कुणी विहिरीचं काम थांबवलं होतं. देवी रुसली आहे, गुरवाच्या हातून काहीतरी चुकलं आहे, असं आता उघड बोललं जात होतं. मी मनात म्हटलं, बाई गं, मलाही रुसलेल्या दिवसांतच यायचं होतं.

निघताना गुरवांच्या बायकोनं, सुमनकाकीनं, जेवल्याशिवाय सोडलं नाही. देवळाला लागूनच त्यांचं घर. पानात भात आणि वालाचं बिरडं. समोर गुरव, म्हणजे वसंतकाका, जेवायला बसले. साठीचे, किडकिडीत, गोड हसणारे. ते गप्पा मारत जेवत होते आणि मी त्यांच्या ताटाकडे बघत राहिले. ताटाच्या बरोबर मधोमध सुरीनं रेघ ओढावी तसा उजवीकडचा भात संपला होता, डावीकडच्याला बोटही लागलं नव्हतं. बिरड्याची वाटी डावीकडे भरलेली होती. "बिरडं संपलं काय गं?" त्यांनी विचारलं. काकी उठली, ताट अर्धं गोल फिरवलं आणि परत बसली. ते पुन्हा जेवायला लागले. तिच्या हाताला त्याची इतकी सवय होती की तिनं ताटाकडे नीट पाहिलंही नाही.

मग सगळं कळत गेलं. पाच महिन्यांपूर्वी पहाटे अभिषेकाचं पाणी आणताना तळ्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून काका पडले होते. मुंबईला नेऊन डोक्याचं ऑपरेशन झालं, महिन्याभरात घरी आले. चालत होते, बोलत होते, सगळी स्तोत्रं मुखोद्गत. गावानं म्हटलं, बरा झाला. पण मेंदूच्या उजव्या बाजूला असा मार लागला की कधी कधी माणसाचं डावं जग नाहीसं होतं. डोळे चांगले असतात. फक्त डावीकडे काही असतं, ही गोष्टच मनातून पुसली जाते. मी जेवण अर्धं टाकून देवळात गेले आणि दारातून गाभाऱ्यात वाकून पाहिलं. देवीला फुलं वाहिलेली होती ती सगळी एकाच अंगाला. मळवटही एकाच बाजूला. देवी आपल्याकडे तोंड करून असते, म्हणजे तिचा उजवा खांदा समोर बसणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो. उजवी कळी पडत असेल, रोज पडत असेल. काका दिसणाऱ्या कळीकडे बघत, ती सुकून पडेपर्यंत बसून राहत आणि प्रामाणिकपणे सांगत, डावी दिली. मलाही त्यांनी असंच सांगितलं होतं. मला हसू आलं आणि त्याच क्षणी भडभडून आलं. नवी मुंबईला नकार कळवायचा फोन मी तिथूनच केला. का केला ते तेव्हा सांगता आलं नसतं.

काकीला समजावलं तेव्हा ती पदरात तोंड घालून रडली. "मी म्हनत होते माझ्याकडनं काय पाप झालं म्हनून देवी आमच्यावर कोपली," एवढंच म्हणाली. काकांना मात्र पटेना. "मला सगळं दिसतंय, ताई," ते शांतपणे म्हणायचे, आणि त्यांच्या दृष्टीनं ते खरंच होतं. मग काकी आणि मी गावकीचे प्रमुख जनादादा यांच्याकडे गेलो. तांदळाचा व्यापार करणारा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चार महिन्यांचे कौल रद्द धरायचं आणि तूर्त कौल बंद ठेवायचं कबूल केलं. मग म्हणाले, "तुमचं खरं असंल. पन वसंताची सेवा ठेवायची का काढायची ते आमी न्हाय ठरवत, तीच ठरवते. चैत्रातल्या पालखीआधी कळ्या लावू. वसंताच लावंल, वसंताच सांगंल. त्याच्या तोंडून येईल ते गावाला मान्य. मधे कोनी बोलायचं न्हाय. तुमीपन न्हाय." म्हणजे देवीनं उजवी दिली आणि काकांना ती दिसलीच नाही, तर स्वतःच्या तोंडानं ते स्वतःची सेवा घालवणार. सात पिढ्यांची सेवा, आणि काकांना दुसरं काही नकोच होतं. मी त्यांना विचारलं होतं, बरं होऊन काय करायचंय? आमचा तो पहिलाच प्रश्न असतो. ते म्हणाले होते, "तिला नीट सजवायचं हाय."

तीन महिने मी आठवड्यातून तीनदा पहाटे स्कूटरवरून जात राहिले. केंद्रातले ठोकळे आणि खुंट्या तिथे नेल्याच नाहीत. गाभाऱ्यातच सगळं होतं. समई आम्ही त्यांच्या डाव्या हाताला हलवली. पूजेतली घंटा डाव्या हातानंच वाजवतात, पण काकांचा डावा हात मांडीवर विसरल्यासारखा पडून असायचा. मी ती घंटा त्या हातात दिली. हात हलला की लक्ष थोडं थोडं त्या बाजूला सरकतं. फुलं वाहताना सुरुवात गाभाऱ्याच्या डाव्या भिंतीपासून करायची, भिंतीला बोट लावायचं, मग फूल. धुपाच्या धुरात, ओल्या दगडाच्या वासात त्या सकाळी एकमेकीत मिसळून गेल्या आहेत. कधी कधी वाटायचं मी काम करतच नाहीये, कुणाच्या तरी पूजेला बसले आहे.

सुधारणा होत होती, पण एका जागी येऊन अडली. मी "काका, डावीकडे" म्हटलं की ते लगेच वळत, सगळं दिसे, स्वतःशीच हसत. मी गप्प राहिले की डावं जग पुन्हा बुडून जाई. आमच्या शास्त्रात हाक हळूहळू कमी करत न्यायची असते. मी दहादा प्रयत्न केला, दहादा ओठ दाबून धरले आणि अकराव्या वेळी न राहवून हाक मारलीच. माझ्याशिवाय त्यांना डावी बाजू नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ते कुठेतरी आवडतही होतं. अकरा वर्षांच्या नोकरीत हे मी पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं.

पालखीआधीचा दिवस उजाडला. मी आदल्या दिवशी जनादादांना अजून महिनाभर द्या म्हणून विनवलं होतं. पण काकाच म्हणाले, "नको ताई. लावायचं काम माझं. द्यायचं काम तिचं." मंडप भरलेला, तरी खोकल्याचाही आवाज नाही. गाभाऱ्याच्या दारात जनादादा आणि मी, दोघेही काकांच्या पाठीमागे, उजव्या बाजूला उभे होतो. त्यांच्या डाव्या अंगाला नुसती दगडी भिंत. त्यांनी कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि हात मांडीवर ठेवले.

थोड्याच वेळात देवीच्या उजव्या खांद्यावरची कळी सुटली. मी डोळ्यांनी पाहिली. ओल्या दगडावरून घरंगळली आणि पायाशी थांबली. जनादादांनीही पाहिली, त्यांचा श्वास मला ऐकू आला. काका दुसऱ्याच कळीकडे बघत बसले होते, अगदी शांत, तिचं काय होतंय याची वाट बघत. ती कळी हळूहळू खाली झुकत होती. समईची ज्योत हलत होती, तिच्याबरोबर देवीचा चेहराही हलल्यासारखा वाटत होता, आणि वेळ ताणत ताणत लांब होत चालला होता. एक शब्द पुरे होता. नुसतं खाकरले असते तरी चाललं असतं. माझ्या घशाशी ती हाक येऊन थांबली होती. मी जनादादांनी घातलेल्या अटीसाठी गप्प राहिले असं नाही. मला एकाएकी दिसलं की मी आज हाक मारली तर उद्याही मलाच मारावी लागेल, आणि परवाही, आणि मी काही जन्मभर या दारात उभी राहणार नाही. मी डोळे मिटले. कित्येक वर्षांत केली नव्हती अशी प्रार्थना केली. तिला शब्दही धड नव्हते. 'मी थकले, आता तू बघ', एवढंच.

डोळे उघडले तेव्हा काकांची मान वळत होती. सावकाश, झोपेतून जागं होताना वळावी तशी. त्यांनी रिकामा खांदा पाहिला, पायाशी पडलेली कळी पाहिली. ओंजळीत घेतली. मंडपाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "उजवी दिली." मग काकी ओक्साबोक्शी रडायला लागली, कुणीतरी ढोलावर थाप मारली आणि पुढचं मला नीटसं आठवत नाही.

गर्दी ओसरल्यावर काका माझ्याजवळ आले. प्रसादाची वाटी हातात देऊन म्हणाले, "बरं झालं ताई हाक मारलीत. मी त्या कळीकडंच बघत बसलो होतो."

"मी नाही हो मारली, काका."

"मारलीत की. डाव्या अंगानं. 'वसंता' म्हनून."

मी त्यांना कधी एकेरी हाक मारलेली नाही. डाव्या अंगाला तर भिंत होती. मी जनादादांकडे पाहिलं, त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि चप्पल शोधायला लागले. काकांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि नेहमीचं गोड हसले. "मग जिनं मारली तिनं मारली," म्हणाले, आणि नैवेद्याची भांडी उचलायला आत गेले.

याचा अर्थ लावायला मला माझ्या शास्त्रातले चार मार्ग माहीत आहेत. तीन महिने वारंवार ऐकलेली सूचना मनात मुरते आणि एक दिवस आतूनच उमटते, हे मी केंद्रात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवते. तसं झालं असेल. मी त्यावर कुणाशी वाद घालत नाही, स्वतःशीही नाही. काका पूर्ण बरे झालेले नाहीत. अजूनही कधी शर्टाची डावी बाही रिकामी लोंबत असते, दमले की ताटातला अर्धा भात राहतो. पण देवी दोन्ही अंगांनी सजलेली असते, आणि काकी ताट फिरवायला उठत नाही. ते स्वतःच थांबतात, वळतात, बघतात. मला ज्यांनी त्या दारात उभं केलं आणि ज्यांनी माझ्या तोंडाला कुलूप लावलं, त्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

केंद्रात आता माझ्यासमोर कुणी बटणाशी झगडत बसतं, तेव्हा पहिली हाक मी मारते, दुसरीही मारते. शेवटची मारत नाही. ती कुणा दुसऱ्यासाठी ठेवते आणि हात मांडीवर घेऊन बसते.