आधी बसा, मग बघा

"आधी बसा, मग बघा," असं म्हणत समोरच्या वहिनी प्लास्टिकच्या खुर्चीवर पदराचा एक फटका मारायच्या. खुर्ची स्वच्छच असायची. पण फटका मारला की घर बघायला आलेला माणूस बसायचाच, हे मी मोजून सांगतो. त्यांचा फ्लॅट विकायला निघाला त्या पावसाळ्यात चौदा कुटुंबं तो बघायला आली. चौदाच्या चौदा बसली. त्यातल्या नऊंनी फ्लॅट बघितला. उरलेली पाच बसली, खाल्लं, निरोप घेतला आणि गेली.

मोजायची मला सवय आहे. पंप किती मिनिटं चालला, जिन्यातले किती दिवे गेले, हे न विचारता सांगणारा एक जण तुमच्याही इमारतीत असेल. आमच्या इमारतीत तो मी. अंबरनाथ पूर्वेला तळमजल्यावर चार मजले, लिफ्ट नाही, एका मजल्याला सतरा पायऱ्या. चौथ्या मजल्यावर वहिनी आणि आम्ही समोरासमोर राहायचो, म्हणजे दोन्ही घरांच्या वाट्याला अडुसष्ट पायऱ्या.

या अडुसष्ट पायऱ्यांसाठीच घर विकायचं होतं. वहिनींचे यजमान, आम्ही त्यांना दादा म्हणतो, कारखान्यात उभ्याने काम करून निवृत्त झाले आणि वर्षभरात त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले. दोन वर्षांत ते तीन वेळा खाली उतरले, तिन्ही वेळा डॉक्टरकडे जायला, तेही खुर्चीत बसून. खुर्चीला चार माणसं लागायची. मागचा डावा पाय माझ्याकडे असायचा. एरवी दादा बाल्कनीत बसून खालची रहदारी बघत आणि कोणाची गाडी चुकीची लागली ते आम्हाला वरून सांगत.

दाराशी रॅकच्या वरच्या कप्प्यात त्यांच्या तपकिरी चपला होत्या. गुडघे जायच्या आधी पंधरा दिवस घेतलेल्या. वहिनी त्या पुसून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "झिजतच नाहीत मेल्या."

चिखलोलीला त्यांनी तळमजल्यावरचं एक घर बघून ठेवलं होतं. रस्त्यापासून दारापर्यंत दोन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच. मीच टेप लावून आलो होतो. त्या घराचा मालक भला माणूस होता, पण त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईकही होतं. "अनंत चतुर्दशीपर्यंत थांबतो," तो म्हणाला, "त्यापुढे नाही जमणार." म्हणजे हे घर त्याच्या आत विकलं गेलं तर ते मिळणार. नाहीतर दादा बाल्कनीतच.

एजंट होते एक पन्नाशीचे गृहस्थ. दोन फोन, शर्टाच्या खिशात तीन पेनं. कायम घाईत. ते आमच्याकडे कधी बसले नाहीत, वहिनींच्या फटक्यालाही नाही. त्यांनी जाहिरातीत फ्लॅट सहाशे दहा फूट लिहिला होता. मी टेप लावली तेव्हा चटई क्षेत्र चारशे अठरा भरलं. बाकीचे एकशे ब्याण्णव फूट कुठे आहेत, असं मी विचारलं.

"जिन्यात, भिंतीत आणि गच्चीवर," ते म्हणाले. "मार्केटमध्ये असंच असतं, साहेब."

मग मी माझी वेगळी यादी केली. खोल्यांची मापं, नळाच्या वेळा, कोणती खिडकी अडकते, असं सगळं. अकरा ओळी झाल्या. अकरावी ओळ होती, "हॉलची मागची भिंत, ओल, साडेतीन फूट बाय दोन."

वहिनींना एजंटांनी पहिल्याच दिवशी ताकीद दिली. "काकू, पार्टी आली की फ्लॅट मोकळा दिसला पाहिजे. सामान कमी, माणसं कमी. डेकोरेशन वगैरे काही नको."

"पार्टी म्हणता आणि खायला नको?" वहिनी म्हणाल्या.

"पार्टी म्हणजे गिऱ्हाईक, काकू."

"मग गिऱ्हाईक उपाशी पाठवायचं?"

आणि श्रावण सुरू झाला. तुम्ही बघितलं असतं तर तुम्हालाही एजंटांची दया आली असती. एक जोडपं आलं तेव्हा पुरणाचे दिंड उकडत होते. खिडक्यांवर इतकी वाफ जमली होती की बाहेरचा डोंगर दाखवायला वहिनींनी काच पुसली, आणि पुसलेल्या जागेतून नेमकी पाण्याची टाकी दिसली. राखीपौर्णिमेला एक एकटाच तरुण आला. तो बसला, त्याचा मोकळा हात वहिनींना बघवेना. तो राखी बांधून घेऊन, नारळीभात खाऊन गेला. अजून दर वर्षी त्याचा फोन येतो. फ्लॅट त्याने बघितलाच नाही. गोकुळाष्टमीला टीव्हीच्या टेबलावर पाळणा, मातीच्या सात गाई आणि हिरव्या लाकडी भुशाचं गवत मांडलं होतं. बघायला आलेल्या कुटुंबातली चिमुरडी एक गाय मुठीत घेऊन गेली. गाई सहा झाल्या. एजंट कपाळाला हात लावून जिन्यात उभे होते.

"काकू, तुम्हाला घर विकायचंय ना नक्की?"

"घर विकायला काढलंय," वहिनी म्हणाल्या. "सण नाही काढलेत."

सगळ्यात मोठा घोळ गणेश चतुर्थीला झाला. एजंट म्हणाले होते, अकरा वाजता पार्टी येईल, नवरा-बायको आणि एक म्हातारे. अकराला दार वाजलं. नवरा-बायको आणि एक म्हातारे. वहिनींनी बसवलं, मोदक दिले, मग मी यादी घेऊन पुढे झालो. मापं सांगितली. त्या माणसाने मान डोलावली. मी त्याला मोरीतला नळ सोडून दाखवला, त्याने पाण्याखाली हात धरला आणि "छान आहे" म्हणाला. माळ्यावर टॉर्च मारला, त्यानेही वाकून बघितलं. सव्वीस मिनिटं हे चाललं होतं. शेवटी मी विचारलं, "मग, काय विचार?"

"घर उत्तम आहे," तो अगदी संकोचून म्हणाला. "पण गणपती कुठे आहे?"

ते तिसऱ्या मजल्यावर दर्शनाला आले होते. एक मजला जास्त चढले होते, एवढंच. आणि खरी पार्टी तेवढा वेळ तिसऱ्या मजल्यावर हातात टाळ घेऊन आरती म्हणत उभी होती. त्यांनाही तिथून हलता येईना.

दादा त्या दिवशी इतके हसले की त्यांना ठसका लागला. वहिनीही हसल्या. पण मग त्यांचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं. चतुर्दशीला दहा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी एजंट आले तेव्हा त्यांचा सूर बदललेला होता. वहिनींकडे गौरी बसतात हे त्यांना कळलं होतं. मखर कुठे असतं, असं त्यांनी विचारलं. खिडकीखाली, वहिनी म्हणाल्या.

"या वर्षी मागच्या भिंतीला करा. मागे मोठा पडदा सोडा, छान जरीचा. वर लायटिंग. ओल झाकली जाईल. सणच आहे, कुणाला शंका येणार नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि साहेब, तुमच्या यादीतली ती शेवटची लाइन तेवढी..."

वहिनी चपलांच्या रॅककडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बरं."

मी अकरावी ओळ खोडली. एवढी साधी गोष्ट, पण ती यादी मी नंतर तीन वेळा नवीन कागदावर उतरवली आणि तिन्ही वेळा दहाखाली अकराचा आकडा घालून परत खोडला.

गौरी आवाहनाच्या दिवशी संध्याकाळी पार्टी येणार होती. उल्हासनगर कॅम्प एकमधले एक सिंधी व्यापारी, त्यांची पत्नी आणि त्यांची आई, अम्मा. ते यायच्या आधी एजंटांनी फोनवर मला त्यांचा धंदा सांगितला. पडद्याच्या कापडाचा.

ते वर पोहोचले तेव्हा व्यापाऱ्यांना धाप लागली होती. त्यांच्या पत्नी दुसऱ्या मजल्यावर विसावा घेत होत्या. पंचाहत्तरीच्या अम्मा मात्र कठड्याला हात न लावता अडुसष्टावी पायरी चढून दारात उभ्या होत्या. आणि नेमकी त्याच वेळी गौर आत येत होती. आमच्या हिच्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या हातात ताम्हणात एकेक मुखवटा, उंबरठ्यापासून आतपर्यंत हळदीकुंकवाची पावलं, मी थाळी वाजवतोय.

"आधी बसा," वहिनी पाहुण्यांना म्हणाल्या, पण बसायला एकही खुर्ची मोकळी नव्हती. त्या तीन महिन्यांतली ही पहिली पार्टी जी आधी न बसता घर बघायला निघाली.

गौर आली की तिला सगळं घर फिरवून दाखवतात, हे तुम्हाला माहीत आहे. गौर आणणारी विचारते, "इथे काय आहे?" आणि घरची बाई सांगते, इथे धनधान्य आहे, इथे दूधदुभतं आहे. वहिनींच्या सासरी मात्र वेगळी रीत होती. सासूबाई म्हणत, गौर माहेरवाशीण आहे, तिला घराचं खरं तेच सांगायचं, नाहीतर तिला कळणार कसं काय कमी आहे ते. कारखाना बंद होता त्या वर्षी सासूबाईंनी तांदळाच्या डब्याशी थांबून "इथे काही नाही" असं सांगितलं होतं.

आमची ही स्वयंपाकघरात थांबली. "इथे काय आहे?"

"इथे ओटा आहे," वहिनी म्हणाल्या. "चांगला आहे. खाली झुरळं झाली होती, औषध मारलंय."

एजंटांनी घसा खाकरला.

"इथे काय आहे?"

"इथे मोरी. सकाळी पाणी येतं, संध्याकाळी आलं तर आलं."

"इथे काय आहे?"

"इथे खिडकी. पावसात फुगते, ढोपराने ढकलावी लागते."

अम्मांना हा प्रकार फारच आवडला. चौथ्या थांब्यापासून आमच्या हिच्या आधी त्याच विचारू लागल्या, "यहाँ क्या है?" त्यांनी माळा विचारला, मीटरची पेटी विचारली, बाल्कनीत बसलेल्या दादांकडे बोट करून "और यहाँ?" असंही विचारलं.

"इथे हे आहेत," वहिनी म्हणाल्या. "गुडघे गेलेत. म्हणून विकतोय."

दादांनी गौरीला बसल्या जागेवरून नमस्कार केला. अम्मांनी दादांना केला.

राहिलं मखर. व्यापारी आधीच तिथे पोहोचले होते आणि पडद्याकडे जाणकार नजरेने बघत होते, पण देवाचं म्हणून हात मागे बांधून. "माल तो अपने मार्केट का है," ते पुटपुटले. मी थाळी जरा जोरात वाजवली.

"इथे काय आहे?" आमच्या हिने विचारलं. तिला पडद्याची भानगड माहीत नव्हती. मी तिलाही सांगितली नव्हती.

वहिनींनी रॅककडे बघितलं, मग ताम्हणातल्या मुखवट्याकडे. थाळी वाजवायची मी विसरून गेलो होतो.

"इथे पडद्यामागे ओल आहे," त्या म्हणाल्या. "साडेतीन फूट बाय दोन. भाऊजींनी मोजलीय. दोनदा रंग दिला, परत येते."

एजंट खाली बसले. मागे काय आहे हे न बघता बसले, सुदैवाने तिथे दिवाण होता.

"बसलात ना?" वहिनी त्यांना म्हणाल्या. "आता बघा." आणि स्वतःच पडद्याचं टोक वर केलं.

व्यापाऱ्यांनी वाकून भिंतीवर तळवा ठेवला, मग पडदा दोन बोटांत धरून चोळला. "कपडा अच्छा है," ते म्हणाले. "दीवार खराब है."

आधी दादा हसले, बाल्कनीतून. मग अम्मा. मग आम्ही सगळेच, ताम्हणं हातात धरून. आमच्या हिला हसू आवरेना तेव्हा मी तिच्या ताम्हणाखाली हात धरला.

घेतलं त्यांनी घर. उगाच खोटं कशाला सांगू, वहिनींचा खरेपणा बघून नव्हे. भिंतीपायी तर त्यांनी व्यवस्थित घासाघीस केली आणि वहिनींनी ती मान्यही केली. घर घेतलं अम्मांमुळे. त्या बाल्कनीत दादांच्या शेजारी जाऊन बसल्या, समोर मलंगगडाचं टोक ढगातून वर आलं होतं, आणि त्यांनी मुलाला सांगितलं, "नीचे बहुत रह लिया. अब ऊपर."

चतुर्दशीच्या दोन दिवस आधी चिखलोलीचं घर पक्कं झालं. दसरा झाल्यावर दादा चौथ्यांदा खाली उतरले. खुर्चीचा मागचा डावा पाय माझ्याकडेच होता. वहिनी पुढे चालत होत्या, एका हातात मुखवट्यांचा डबा, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेल्या चपला. प्रत्येक मजल्यावर लोक दारात उभे होते आणि वहिनी प्रत्येकाला सांगत होत्या, "घरी या. आधी बसा, मग बघा."

समोरचं दार आता अम्मांचं आहे. त्या दिवसातून दोनदा खाली जाऊन येतात. मागच्या भिंतीला त्यांच्या मुलाने स्वतःच्या दुकानातला पडदा लावलाय, वहिनींच्या पडद्यापेक्षा भारी. श्रावणात जिन्यात दिंडांचा वास येत नाही एवढंच. एका संध्याकाळी मी उगाच त्यांच्या दारासमोर उभा राहिलो होतो. अम्मांनी दार उघडून विचारलं, "क्या चाहिए?" जिन्यातला दिवा बघतोय, असं मी सांगितलं.

गेल्या वर्षी गौरींना आम्ही दोघं चिखलोलीला गेलो. दोन पायऱ्या, सहा-सहा इंच. दारावर झेंडूचं तोरण, आत बायकांचा गलका. बूट काढायला मी वाकलो आणि रॅककडे नजर गेली. रॅक तोच होता. वरचा कप्पा रिकामा होता. दादांच्या तपकिरी चपला खाली फरशीवर होत्या, एक सरळ, एक तिरपी, आताच कोणीतरी बाहेरून येऊन काढल्यासारख्या. दोन्हींना ओला चिखल होता. डावीची टाच एका बाजूने झिजली होती.

आतून खुर्चीवर पदराचा फटका ऐकू आला.

"भाऊजी, आधी बसा, मग बघा."

मी वाकून बघतच राहिलो.