यंत्राचा गुरुवार

मांजरी गावच्या दत्तोबांना कुणी नातीच्या नोकरीबद्दल विचारलं की ते छाती काढून सांगत, "काचंवर कल्हई करती." तेजस्विनीने त्यांना पुष्कळ समजावलं होतं. आपण पीएच.डी. केली आहे, काचेवर केसापेक्षा कितीतरी पातळ थर चढवतो, त्यातून आरपार दिसतं आणि वीजही वाहते, उद्या सौरऊर्जेच्या पत्र्यांना तोच लागणार आहे, वगैरे. दत्तोबांनी सगळं मन लावून ऐकलं आणि मान डोलावली. "म्हंजे कल्हईच की!"

झालं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वेणूबाई लग्नातलं पितळी पातेलं घेऊन दारात हजर. "तेजू, हापिसात जाताना एवढं घेऊन जा गं. घाई काय न्हाई, सणाच्या आत दिलंस तरी चालंल."

खरं तर त्या दिवसांत तेजस्विनीला पातेलंही चाललं असतं. हडपसरच्या पुढे असलेल्या त्या प्रयोगशाळेत तिच्या वाट्याला काचा धुणं तेवढं उरलं होतं. प्रमुख विश्वजीत सर पाहुण्यांना अभिमानाने सांगत, "कुठला प्रयोग करायचा ते एआय ठरवतं, यांत्रिक हात तो करतो, आणि निकाल बघून पुढचा प्रयोगही एआयच ठरवतं. माणसाची लुडबुड नाही!" त्या वेळी ती लुडबुड कोपऱ्यात ओली काच हातात धरून उभी असे.

यंत्राची एकच गोची होती. शुक्रवारी सकाळी थर असा सुरेख जमे की बघत राहावं. यंत्र लगेच जाहीर करी, गुपित सापडलं, वायू चिमूटभर वाढवल्यामुळे जमलं. शनिवारी तोच वायू, तेवढीच उष्णता, आणि थर भिकार. पुढच्या शुक्रवारी पुन्हा सुरेख आणि पुन्हा नवं गुपित. शेवटी यंत्राने अहवाल दिला, "पद्धत निर्दोष. संशय : काच धुण्यातील मानवी हाताळणी."

विश्वजीत सर सदाशिव पेठेतले, त्यामुळे आवाज चढवायची त्यांना कधी गरज पडत नसे.

"तेजस्विनी, आपण शुक्रवारी वेगळा साबण वापरता का?"

"नाही, सर."

"मग बाकीच्या दिवशी वापरत असाल."

महिनाअखेरीला आढावा होता. तेजस्विनीचा करार वाढवायचा की काचा धुवायला दुसरा यांत्रिक हात मागवायचा, ते तेव्हा ठरणार होतं. "मनाला लावून घेऊ नका," सर म्हणाले, "फक्त, हात रजा मागत नाही."

मधे गुरुवार आला. गुरुवारी त्या भागात दुरुस्तीसाठी वीज बंद असते, हे तिथल्या चहावाल्यालाही पाठ. यंत्र बंद, हात बंद, माणसं घरी. ज्या पेटीत काचेवर थर चढतो, तिच्यातली हवा ओढणारा पंप तेवढा जनरेटरवर चालू ठेवायचा. त्याच्याजवळ कुणीतरी बसायचं, आणि या खेपेला ते कुणीतरी म्हणजे तेजस्विनी. पंखा नाही. 'अखंड चालणारी प्रयोगशाळा' असं छापलेल्या माहितीपत्रकाने वारा घेत ती पेटीच्या दाबाच्या काट्याकडे बघत बसली.

काटा खाली चालला होता. दुपारी आणखी खाली, संध्याकाळी तर इतका खाली की तिने टिचकी मारून पाहिली. एरवी तो तिथवर कधी पोचतच नसे. पोचेल कसा? एरवी हात सारखा दार उघडून नवी काच ठेवायचा, आणि दर वेळी पुण्याची दमट हवा आत शिरून पेटीला चिकटायची. गुरुवारी दिवसभर दार बंद. ओल निघून जायची, आणि शुक्रवारच्या पहिल्या काचेला कोरडी ठणठणीत पेटी मिळायची.

तिला हसू फुटलं. सगळं जाणणाऱ्या यंत्राला गुरुवारच ठाऊक नव्हता! गुरुवारी ते स्वतःच झोपलेलं. त्याच्या लेखी बुधवारची रात्र सरली की शुक्रवार उजाडत होता.

सकाळी सर आल्या आल्या तिने सांगितलं, "सर, मधे मधे यंत्र थांबवून पेटी बंद ठेवली तर..."

"थांबवून? अहो, ते थांबत नाही हेच तर आपण छापून वाटलंय!"

तिने वाद घातला नाही. जागेवर जाऊन यंत्राच्या माहितीत गुपचूप एक रकाना वाढवला, 'दार किती तास बंद होतं', आणि मागच्या नोंदी काढून तो भरला. यंत्राने ते सगळं पचवलं आणि दुपारी घोषणा केली, "महत्त्वाचा शोध : पेटीस दीर्घ विश्रांती आवश्यक."

सरांनी सगळ्यांना गोळा केलं. "पाहिलंत? हे माणसाला सुचलं असतं का?"

"शक्यच नाही, सर," तेजस्विनी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मंगळवारचा थरही शुक्रवारसारखा उतरला. अहवाल आला, "मानवी हाताळणी : समाधानकारक." दुसरा हात रद्द झाला, तेजस्विनीचा करार वाढला. सोबत नवा नियमही आला. यंत्राला दिवसाआड विश्रांती. विश्रांतीच्या काळात पंपाजवळ तेजस्विनीने बसावं, रात्र आणि रविवार धरून.

घरी आल्यावर तिने हे सांगितलं, तेव्हा दत्तोबा अंगणात वेणूबाईंचं पातेलं चिंचेने घासत बसले होते. ते थांबले.

"म्हंजे नोकरी ऱ्हायली?"

"राहिली, आजोबा."

"आन् सुट्टी त्या यंत्राला?"

"हो."

"मग येडे, एवढी शिकलीस ती कशाला? तुझ्या झोपंचा बी एक रकाना भर की त्यात!"

ती खो खो हसली. पण सोमवारी कामावर गेल्यावर तिने इकडेतिकडे बघितलं आणि खरोखरच रकाना वाढवला : 'संशोधकाची झोप, तासांत'. रविवारचा आकडा अगदी प्रामाणिकपणे भरला. यंत्र अजून विचार करतंय.